कडी नीट वाजू दे

“कडी वाजली नाही,” आतून आवाज आला.

“लावलीय हो, बाबा.”

“लावलीस ते कळलं. वाजली नाही. कडी कशी खण्णकन वाजली पाहिजे. त्याशिवाय डोळा लागतो होय?”

सुनेने कडी काढली आणि पुन्हा लावली. खण्ण.

“आता कसं!” आत कॉट कुरकुरली.

सासऱ्यांना अख्खी गल्ली जमादार म्हणायची. उभा जन्म तुरुंगाच्या पहाऱ्यावर गेलेला, राहायची खोलीसुद्धा तुरुंगाच्या भिंतीला चिकटून. निवृत्त होऊन मुलाकडे आले आणि झोपच उडाली. त्यात एका संध्याकाळी बाजारात चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी बजावलं, संध्याकाळी बाहेर हिंडणं बंद. रोज तेच करा, त्याच क्रमाने, शांतपणे. आणि ज्या आवाजांत इतकी वर्षं झोपले, तेच आवाज कानावर पडू द्या.

डॉक्टर सांगून मोकळे झाले. नवरा दुपारपाळीला कारखान्यात जाऊन मोकळा झाला. उरली सून.

आधी कोमट पाण्यात पाय. मग कपभर दूध. मग मोठा दिवा घालवून छोटा निळा दिवा. मग मागच्या खिडकीच्या गजांवर लाटण्याने ठोकायचं, टण् टण् टण्, तुरुंगात ठोकतात तसं.

“कोपऱ्यातला तेवढा राहू दे,” जमादार रोज न चुकता सांगायचे. “तो फार कर्कश वाजतो. थेट दाढेत कळ जाते.”

मग बाहेरून कडी. आणि मग फेरी. जड चपला घालून व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत, नवरा घरी येईपर्यंत. सुरुवातीला एकदा ती जरा टेकली होती, तर आतून लगेच हाक आली, “पहारा झोपला काय?” तेव्हापासून तिची टेकायची छाती झाली नाही.

हल्ली मात्र आतून हूं की चूं नसायचं.

“बघ, गुण आला,” नवरा खूश होऊन म्हणायचा. “आता यात कणभरही बदल करायचा नाही.”

“कणभर नाही, पण मणभर चालेल का? एक दिवस तू घाल फेरी.”

“मी? मी दमून येतो गं.”

तिला काय हवं होतं? फार काही नाही. शाळेच्या मागच्या हॉलमध्ये शिंपी नाटक बसवत होता. दिवसा कपडे बेतायचा, संध्याकाळी माणसं. लग्नाआधी तिने त्याच्याकडे दोन नाटकं केली होती आणि तिसऱ्यात मुलीची मोठी भूमिका त्याने तिच्यासाठी अडवून ठेवली होती. पण तालीम नेमकी फेरीच्या वेळेला.

“उद्या नाही आलीस तर नर्सबाईंना देतो,” शिंपी कात्री चालवता चालवता म्हणाला. “त्यांचा आवाज बेडकासारखा आहे, कबूल. पण बेडूक निदान येतो तरी.”

“माझं घर तुला ठाऊक नाही.”

“सगळ्यांनाच घरं असतात, बाई. तुझ्याहून अडचणीतली माणसं येतात माझ्याकडे.”

त्या संध्याकाळी दूध हातात देताना तिने खडा टाकून पाहिला. “बाबा, एखाद दिवशी फेरी नाही घातली तर?”

जमादारांनी कप खाली ठेवला. “छे छे! भलतंच! पावलं ऐकू आली नाहीत तर जीव थाऱ्यावर राहत नाही माझा. अगं, पहारेकरी कुठं आहे हे कळलं की आतला माणूस निवांत असतो.”

“आतला निवांत,” ती पुटपुटली, “आणि बाहेरचा घाण्याला जुंपलेला.”

“काय म्हणालीस?”

“दूध निवतंय म्हटलं.”

जमादार हसले. “एक सांगू? कैदी पळतो तो भिंत पडकी असते म्हणून नव्हे. पहारेकऱ्याला सवय झालेली असते म्हणून. रोज तेच ऐकलं की कान ऐकायचा थांबतो.”

हे वाक्य तिने उचललं आणि पदराच्या गाठीला बांधलं.

मोबाइलचा एक जुना संच घरात पडून होता. तो तिने व्हरांड्यातल्या स्टुलावर ठेवला आणि त्या संध्याकाळची सगळी फेरी त्यात भरून घेतली. जवळ येणारी पावलं, लांब जाणारी पावलं, मधला एक खोकलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी पाय, दूध, निळा दिवा, गज, सगळं यथासांग झालं. कडी तर तिने अशी वाजवली की शेजारचं मांजर दचकलं. थोडा वेळ खरीच फेरी घातली, मग संच चालू केला आणि दाराला कान लावला.

आत हूं नाही की चूं नाही.

बाहेर पडताना चपला हातात होत्या आणि जीव मुठीत. मध्येच उठले तर? हाक मारली तर? नवऱ्याला कळलं तर उद्यापासून व्हरांड्यालाही कडी लागेल. कोपऱ्यावर ती दोनदा थांबली. दुसऱ्यांदा तर पार मागे वळली. मग नर्सबाईंचा आवाज आठवला आणि ती जी सुटली, ती थेट हॉलच्या दारात.

रंगमंचावर पुठ्ठ्याचे गज उभे होते. एक कैदी पाठमोरा बसून कानशीने त्यातला कोपऱ्यातला गज कापत होता. मध्येच हात थांबवायचा, कान टवकारायचा, पुन्हा कापायचा. हॉलमधली माणसं श्वास रोखून बघत होती.

“आलीस!” शिंप्याने टाळी वाजवली. “ये, ये, आधी तुझ्या नाटकातल्या वडिलांना भेट. काय काम करतो हा माणूस! गज असा कापतो की वाटावं, रोजचंच आहे!”

कैद्याने मान वळवली. हातातली कानस खाली पडली.

“सूनबाई, तू इथं?” जमादार म्हणाले. “मग घरी फेऱ्या कोण घालतंय?”