लागणार

लॉटरीच्या यंत्राला निकाल सोडतीआधीच कळायला लागला आणि गिऱ्हाईक फसू नये म्हणून ते तिकीट देतानाच मोठ्याने सांगायचं. तेव्हापासून इचलकरंजी स्टँडवरच्या टपरीवर माशीसुद्धा बसेना. माशीलाही म्हणे थोडी आशा लागते. येत होत्या त्या फक्त सगुणाबाई.

"वैनी, लागत नाही हे ऐकूनही घेता कशाला?" टपरीवाला तुळशीदास म्हणाला.

"हे अंथरुणाला खिळलेत. पूर्वी उशाला तिकीट असलं की शनिवारच्या सोडतीपर्यंत मनात घर बांधत बसायचे, झोपाळ्यासकट. आता विचारतात, यंत्र काय म्हणालं? मला मेलीला खोटं बोलता येत नाही. मग भिंतीकडे तोंड करून पडतात."

तुळशीदासाने डोकं खाजवलं आणि यंत्राची वायर हातात धरली.

"हे तिकीट लागणार..." यंत्र म्हणालं, आणि तुळशीदासाने वायर उपटली.

घरी भिंतीकडून आवाज आला, "काय म्हणालं?"

"लागणार म्हणालं." यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

नवरा हळूहळू कुशीवर वळला. "मग झोपाळा दोघांचा करू. समुद्राकडे तोंड करून."

"इचलकरंजीत कुठला आलाय समुद्र?"

"शनिवारपर्यंत आहे की," तो म्हणाला.