सहा तासांचा कायदा

उकळत्या पाण्यात थर्मामीटर फुटला, पारा पातेल्याच्या तळाशी गेला, आणि नर्स विजयमाला नुसती बघत राहिली. उकळायची ती इंजेक्शनची पिचकारी. थर्मामीटर नाही. हे काल आलेल्या शिकाऊ पोरीलाही ठाऊक असतं. पण विजयमाला परवा सकाळपासून पायांवर उभी होती.

आवाज ऐकून डॉक्टर आले. पातेल्यात डोकावले आणि भडकले.

"लक्ष कुठंय तुमचं? दुसरं पातेलं ठेवा. आवडाबाईला इंजेक्शन द्यायचंय. आणि दुसरी नर्स मोतीबाई धनजहून उद्या संध्याकाळी येईल, तोवर तुम्हीच थांबा."

"नाही साहेब."

डॉक्टरांना हा शब्द दवाखान्यात ऐकायची सवय नव्हती.

"आज थर्मामीटर फुटला," विजयमाला म्हणाली. "याच हातानं आवडाबाईले सुई देली अन् औषध जास्त गेलं तं?"

"थांबा म्हटलं की थांबायचं. कोणत्या कायद्यानं नाही म्हणता?"

"कापसाच्या जिन कारखान्यातल्या बायांचे तास सरकारनं बांधून देले. भोंगा झाला का त्या घरी जातात. त्यायच्या हातात सरकी रायते साहेब, माह्या हातात माणूस रायते. दवाखान्याचा कायदा कोनी केला नाही, म्हून आज मी करून राह्यली. सहा तास झोपीन. मंग उठवा."

डॉक्टरांनी आवडाबाईच्या नवऱ्याकडे पाहिलं. शालिकराम माळी तीन दिवसांपासून बायकोच्या उशाशी बसून होता. तिचा हिवताप उतरत नव्हता, कोयनेलची गोळी पोटात ठरत नव्हती. नवरा हातापाया पडेल, बाई थांबेल, असा डॉक्टरांचा हिशेब. शालिकरामनं बायकोकडे पाहिलं, मग नर्सकडे, आणि तो उठून उभा राहिला.

"साहेब, मळ्यात मोटेचे बैल आमी दोपारी सोडतो. दया येते म्हून नाही. थकल्या बैलाले भरली मोट वढवत नाही, मोटच त्याले विहिरीत वढून नेते. बाईले निजू द्या."

"आणि इंजेक्शन कोण देईल?"

"तुमी," विजयमाला एप्रन सोडत म्हणाली. "पयले हात धुवा."

आवडाबाईच्या शेजारची खाट रिकामी होती. विजयमाला सरळ त्या खाटेवर जाऊन आडवी झाली. विचारलं नाही, वळूनही पाहिलं नाही.

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. हात धुतले. दुसरं पातेलं चुलीवर ठेवलं, पिचकारी पाण्यात सोडली आणि घड्याळ काढून उभे राहिले. हे काम त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. पाण्याला आधण आलं तसे ते गोंधळले.

"अहो विजयमालाबाई, किती मिनिटं ठेवायची?"

तापानं फणफणलेल्या आवडाबाईनं डोळे उघडले आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना साहेब. आताच डोया लागला तिचा."