काढा तपासाच

“तपासाच! होऊन जाऊ द्या एकदा,” म्हणत लीलाबाईनं काढ्याची बाटली डॉक्टर गीतांजलींच्या टेबलावर आदळली. शेजारी भुईआवळ्याची हिरवीगार जुडी ठेवली.

अमरावतीच्या त्या दवाखान्यात एवढा आवाज चढवणारी ती एकटीच. दर्यापूरच्या बाजारात भाजी विकून गळा तयार झालेला. तिचा मुलगा अमोल मान खाली घालून बसला होता. डोळे पिवळे, अंगात त्राण नाही.

“मावशी, काढा थोडे दिवस बंद ठेवा, एवढंच म्हणतेय,” डॉक्टर म्हणाल्या. “रक्तातलं शिसं उतरायला हवं होतं. ते वाढतंय. लिव्हरवर ताण येतोय.”

“काहून बंद ठेवू? विष चारलं त्या भट्टीवाल्यानं, अन् बंद माह्या पाल्याले करता? वा रे न्याव!”

राग उगाच नव्हता. गावाबाहेरच्या शेडात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. अमोल तिथंच भट्टीवर होता. भट्टीवरची पोरं आजारी पडली तेव्हा मालक म्हणाला, पाणी बाधलं असेल. लीलाबाईनं बायका गोळा केल्या आणि फाटकासमोर ठाण मांडलं. मालकाचा माणूस दमदाटी करायला आला, तर त्यालाच सुनावलं, “जाय, सांग त्याले, लीलाबाई हटत नाही!” शेवटी शेडाला कुलूप लागलं.

बाकीची पोरं हळूहळू सुधारली. अमोल तेवढा खंगत चालला. लीलाबाईचा जीव तीळतीळ तुटत होता.

“त्या पोराइच्या माया काय करतात? गोळी देतात अन् मोबाईल पायत बसतात! मी रोज बांधावरून ताजा पाला आणून राहिली. आंबट आवळे टाकून चुलीवर आटवून राहिली. जर्मनचं भांडं नाही लावत मी. सासूचं पितळी गंज-पातेलं काढलं, त्याले चकचकीत कल्हई करून आणली, खास याच्यासाठी.”

“राहू दे ना माय,” अमोल पुटपुटला.

“तू चूप बस! डॉक्टरीणबाई, विष निघालं तर म्हणाल ते आयकीन. नाही निघालं तर मंग माह्या नादी लागू नका.”

डॉक्टरांनी जुडी आणि बाटली, दोन्ही तपासायला पाठवली.

पुढच्या खेपेला लीलाबाई नवं लुगडं नेसून आली. पोराला घेऊन थेट टेबलापुढे उभी.

“पाला एकदम स्वच्छ आहे,” डॉक्टर म्हणाल्या.

“आयकलं का रे!” तिनं अमोलच्या पाठीत थाप मारली. “सांगून राहिली होती ना मी? आता कोणाच्या बापाले भीत नाही!”

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं.

“काढा स्वच्छ नाही, मावशी. भट्टी केव्हाच बंद झाली. आता रोज त्याच्या पोटात शिसं जातंय, ते आवळ्याच्या आंबटानं सुटतंय, तुमच्या त्या भेसळीच्या नव्या कल्हईतून.”