फोटोपुरती

मला व्हीलचेअर देतानाचा फोटो निघाला, टाळ्या थांबल्या, साहेब चहाला गेले. कारकून माझ्या कानाशी वाकला. "मावशी, उतरा आता. ही फक्त फोटोपुरती. उद्या पुढच्या तालुक्यात हीच वाटायचीय."

"अन् माझी?"

"सरकारी आरोग्य विम्यातून मंजुरी आली, की येईल."

पाय कापायला हाच विमा झटक्यात मंजूर झाला होता. तेव्हापासून मी घरभर ढुंगणावर सरकतेय. आज स्टेजवर पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी चाकं फिरवली होती.

मी दोन्ही ब्रेक खाली दाबले. मला उचलायला दोन शिपाई पुढे झाले. फोटोग्राफर कॅमेरा पिशवीत ठेवत होता.

"ओ फोटोवाले, थांबा!" मी ओरडले. "देतानाचा काढलात ना? आता हिसकावून घेतानाचाही काढा."