झाकलेला ॲम्प

“मास्तर,” मालक दारातून म्हणाले. मग जरा मोठ्यानं, “अहो मास्तर!”

मास्तर गिटारला जोडलेल्या नव्या ॲम्पच्या, म्हणजे ध्वनिवर्धकाच्या, पडद्याकडे टक लावून बसले होते. शिकायला आलेल्या नर्सनं गिटार थांबवून दाराकडे पाहिलं, तेव्हा कुठे ते मागं वळले.

“समोर येऊन बोला. पाठीमागून बोललेलं मला खपत नाही.”

मालक हसले. क्लास त्यांचा, पण मास्तरांचा तिरसटपणा त्यांच्या अंगवळणी पडला होता. ते खुर्ची ओढून समोर बसले.

एकेकाळी याच मास्तरांनी असल्या यंत्रांना उठता-बसता शिव्या घातल्या होत्या. आवाज इतका गुळगुळीत करतात की कच्चा हातही पक्का वाटतो, शिकणारे ऐकायचं सोडून दिवे बघत बसतात, हे त्यांचं पालुपद. आणि गेल्या वर्षी त्यांनीच हट्टानं हा ॲम्प आणायला लावला. सूर लागला की पडद्यावर हिरवा रंग, चुकला की लाल. उतारवयात माणूस निवळतो, असं म्हणून सगळ्यांनी विषय सोडून दिला.

“स्पष्टच सांगतो,” मालक म्हणाले. “चुका हा डबाच पकडतोय. लोक विचारतात, मग मास्तर कशाला? महिनाअखेर तुम्ही थांबावं, असं वाटतंय मला.”

मास्तरांचा चेहरा पडला. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. जे काही होतं, ते याच खोलीत.

“डबा चूक दाखवतो,” नर्स मध्येच म्हणाली. “ती का झाली, ते मास्तर सांगतात.”

“मग होऊनच जाऊ दे परीक्षा.” मालकांनी जाकीट काढून पडद्यावर टाकलं आणि नर्सच्या कानाशी कुजबुजले, “मुद्दाम चुका करा.”

मास्तरांनी ॲम्पच्या माथ्यावर तळवा टेकला. “बोटं उजेडात धर, पोरी.”

नर्स वाजवू लागली. मध्येच चुकली, जरा ठळकच.

“थांब. अनामिका ढिली पडली.”

ती पुढं गेली, पुन्हा चुकली.

“बोट एक घर पुढं पडलं. घाई नको.”

मग एकदा तिनं खालची तार छेडलीच नाही. मास्तरांनी तीही चूक पकडली. मालकांना मनापासून लाज वाटली.

ते जाकीट उचलून निघाले. मास्तर खाली वाकून वायर गुंडाळत होते.

“कान शाबूत आहेत हो तुमचे,” मालक दारातून म्हणाले. “चुकलंच माझं. राहा तुम्ही.”

मास्तरांनी मानही वर केली नाही. मानी माणूस, मनाला लागलं असणार. मालक थोडे घुटमळले आणि खाली मान घालून गेले.

नर्सनं गिटार बाजूला ठेवली. मास्तरांच्या समोर, खिडकीच्या उजेडात येऊन ती उभी राहिली, त्यांनी वर बघेपर्यंत थांबली, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवत सावकाश म्हणाली, “राहा म्हणाले. कान शाबूत आहेत तुमचे.”