बाटलीतले खडे

खलाशाचं पित्ताशय काढल्यावर डॉक्टरांनी त्याच्या हातात एक छोटी बाटली दिली. “पित्त साचून घट्ट होतं, त्याचेच हे खडे. आता पित्ताशयावाचून तुमचं काही अडणार नाही.” झालं! गड्याला जणू खजिनाच सापडला. पाहुणा टेकतो न टेकतो तोच त्याच्या कानाशी बाटली खुळखुळवायची आणि विचारायचं, “ओळखा, कशाचे?” बायकोला किळस यायची.

“अहो, फेका ना ती घाण एकदाची!”

“घाण? माझ्या पोटचे आहेत ते!”

पुढे वादळात बोट बुडाली. समुद्रानं फळ्या परत केल्या, माणूस मात्र ठेवून घेतला. तेव्हापासून बाहेरून एखादा ट्रक गेला आणि फडताळातली बाटली जराशी खुळखुळली, की बायको दचकून विचारायची, “आलात?”

शेवटी धाकट्या दिरानं विषय काढला. “वहिनी, दादाला निरोप द्यायला हवा. देह काही मिळाला नाही. निदान त्याचा एखादा सदरा द्या, त्यावरच अंत्यविधी करू.”

ती आत गेली आणि बाटली घेऊन आली. वाजू नये म्हणून दोन्ही हातांत जपून धरलेली.

“सदरा कशाला? यात ते स्वतः आहेत, थोडेसे.”