पांढरे हातमोजे

मलमाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायचं काम तिचं. मालकाची एकच सक्त ताकीद होती: हातमोजे काढायचे नाहीत. "स्वच्छ वाटतं," तो म्हणायचा.

आज एक आई आली. कडेवरची पोर इसबानं हैराण झालेली, सारखी मान ओरबाडत होती.

"हे गांजाच्या झाडापासून केलेलं सीबीडीचं मलम ना? काही होणार नाही ना हिला?"

"झिंग चढत नाही ताई, फक्त गुण येतो," मालक पुढे सरसावला.

"खरंच येतो? डॉक्टरांचं औषध कालपासून बंद केलंय मी."

"झकास केलंत! माझं ऐकू नका, डोळ्यांनी बघा." त्यानं भिंतीवरच्या जाहिरातीकडे बोट दाखवलं. 'आधी'खाली भेगाळलेला, रक्ताळलेला, अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग असलेला हात. 'नंतर'खाली लोण्यासारखा मऊ. "आणि हात एकच आहे बरं!"

आईनं पर्स उघडली. पोर खाजवता खाजवता रडायला लागली.

काउंटरमागे उभ्या विक्रेतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी गेली खड्ड्यात! तिनं मोजा ओढून काढला आणि हात काउंटरवर ठेवला. त्याच भेगा, तेच रक्त, अंगठ्याजवळ भाजल्याचा तोच डाग.

"ताई, आधी डॉक्टरांचं औषध परत सुरू करा. तो पहिला हात माझा. फोटो काढला त्या दिवसापासून हेच मलम चोळतेय. दुसरा हात यांच्या लेकीचा. तिला जन्मात कधी खाज सुटलेली नाही."